तेल-पाण्याच्या सीमेवर जेनस कण: बनवायचे कसे, बसवायचे कसे आणि बघायचं काय

तेल-पाण्याच्या सीमेवर जेनस कण टाकायचे म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, चिकटतील का? खरं सांगायचं तर हा प्रश्न विचारायची गरजच नाही. चिकटतात. साधे कणही चिकटतात. विचारायचं ते हे की चिकटल्यावर बसतात कसे, सरळ, तिरके की उलटे, आणि दोन कण शेजारी आले की एकमेकांशी काय करतात. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय, एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष चालू असलेल्यांसाठी, ज्यांच्याकडे फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे आणि ओळखीपाळखीने कुठेतरी मेटल इव्हॅपोरेटर (धातूची वाफ करून पातळ थर चढवणारं यंत्र) वापरायला मिळतो.

ओळख थोडक्यात उरकतो. जेनस हा दोन तोंडांचा रोमन देव, त्याच्यावरून नाव पडलं. कणाचा एक अर्धा भाग पाण्याला जवळचा, दुसरा तेलाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये कासाग्रांद, वेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० ते ९० मायक्रॉनचे काचेचे मणी घेतले, अर्धा भाग व्हार्निशखाली झाकला, उघड्या भागावर लांब शेपटीचं सिलेन (काचेला धरून राहणारं सिलिकॉनचं रसायन) लावून तो पाणी झिडकारणारा केला आणि मग व्हार्निश काढून टाकलं. झाले तयार. पुढे १९९१ च्या नोबेल भाषणात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी या मण्यांचा मुद्दाम उल्लेख केला, आणि त्यांचं म्हणणं मला अजून आवडतं, की अशा कणांचा थर पाण्यावर पसरला तर मण्यांमध्ये फटी राहतात, म्हणजे ही कातडी श्वास घेऊ शकते, साबणाच्या रेणूंच्या थरासारखी गच्च बंद नसते.

आधी कागदावर हिशोब

लॅबमध्ये हात घालायच्या आधी दोन हिशोब करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे, पुढे खूप डोकेदुखी वाचते.

पहिला हिशोब एनर्जीचा. सीमेवर बसलेला कण सीमेचा एक गोल तुकडा खाऊन टाकतो, आणि तेवढ्या तुकड्याची पृष्ठऊर्जा वाचते. कॉन्टॅक्ट अँगल म्हणजे सीमा कणाच्या पृष्ठभागाला ज्या कोनात टेकते तो. ९० अंश कॉन्टॅक्ट अँगल असलेल्या साध्या गोल कणाला सीमेवरून ओढून काढायचं तर लागणारी एनर्जी म्हणजे पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले पृष्ठताण. डेकेन (आपलं तेल) आणि पाणी घेतलं तर ताण साधारण ५२ मिलिन्यूटन प्रति मीटर. कणाची त्रिज्या १ मायक्रॉन घ्या, उत्तर येतं जवळपास ४ कोटी केटी. केटी म्हणजे उष्णतेचा धक्का, खोलीच्या तापमानाला ४.१ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल. ४ कोटी केटीची भिंत ओलांडून कण स्वतःहून कधीच बाहेर येणार नाही, प्रश्नच मिटला.

आता जेनस. २००१ मध्ये बिंक्स आणि फ्लेचर यांनी हा हिशोब मांडला. अर्धा-अर्धा कण असेल आणि एका बाजूचा अँगल ९० पेक्षा जितका कमी तितकाच दुसऱ्या बाजूचा जास्त असेल, तर वरच्या आकड्याला एक अधिक दोन गुणिले त्या फरकाच्या साइनने गुणायचं. ६० आणि १२० असेल तर फरक ३० अंश, म्हणजे दुप्पट. ० आणि १८० असेल तर तिप्पट, ही कमाल मर्यादा. जेनस कण साध्यांपेक्षा तिप्पट घट्ट चिकटतात असं जे ऐकायला मिळतं, ते 'तिप्पट' इथून आलंय. पण ४ कोटीचे १२ कोटी झाले तरी मायक्रॉनच्या कणाला काय फरक पडतो? काहीच नाही. फरक पडतो तो लहान कणांना, कारण एनर्जी त्रिज्येच्या वर्गाने घटते. १० नॅनोमीटर त्रिज्येला ४ हजार केटी, १ नॅनोमीटरला फक्त ४०, तिथे दुप्पट-तिप्पट ही खरी कमाई आहे. आणखी एक जागा आहे जिथे जेनसपणा खरोखर कामाला येतो. साध्या कणाचा अँगल ० किंवा १८० च्या जवळ गेला की तो सीमा सोडून देतो, जेनस कणाचा सरासरी अँगल तिकडे सरकला तरी तो घट्ट बसून राहतो.

दुसरा हिशोब जागेचा, म्हणजे पाणी, तेल आणि कण जिथे भेटतात ती रेषा कणावर कुठे येईल. अँगल नेहमी पाण्याच्या बाजूने मोजायचा. समजा तेल आवडणारी टोपी कणाच्या माथ्यापासून अमुक अंशापर्यंत पसरली आहे, अर्ध्या-अर्ध्या कणाला हा आकडा ९०. आता तीनच शक्यता. पाणी आवडणाऱ्या बाजूचा अँगल या आकड्यापेक्षा लहान आणि तेल आवडणाऱ्या बाजूचा मोठा असेल तर रेषा बरोबर दोन भागांच्या हद्दीवर येऊन अडकते, आपल्याला हेच हवंय. दोन्ही अँगल आकड्यापेक्षा लहान असतील तर रेषा टोपीवर चढते. दोन्ही मोठे असतील तर खाली दुसऱ्या बाजूवर उतरते. या शेवटच्या दोन केसमध्ये एक गंमत आहे जी फार लोक लक्षात घेत नाहीत. टोपीचा अँगल ७० आहे आणि हद्द ९० ला, तर रेषा हद्दीपासून २० अंश लांब आहे, म्हणजे कण २० अंशांपर्यंत कसाही कलला तरी रेषेला हद्दीचा पत्ताच लागत नाही आणि एनर्जीत काही बदल होत नाही. मग मायक्रोस्कोपखाली तिरके कण दिसले की लोक म्हणतात प्रयोग फसला, अरे फसला नाही, तुमच्या अँगलप्रमाणे ते बरोबरच वागताहेत.

कण बनवणे

आपण २ मायक्रॉन व्यासाचे सिलिका कण घेऊ, आत रोडामिनसारखा डाय (फ्लुओरेसन्समध्ये चमकणारा रंग) असलेले, कारण बघताना त्याचा उपयोग आहे. पॉलिस्टायरीन स्वस्त पडतं, पण टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्म लागलं की विरघळतं, आणि या कामात कधी ना कधी कोणीतरी तेल बदलून बघू म्हणतंच. सिलिका घ्या आणि निवांत राहा.

काचेची स्लाइड आधी पाणी पसरेल इतकी स्वच्छ हवी. सगळीकडे पिरान्हा सोल्युशन लिहिलेलं असतं, पण तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं ते मिश्रण सॉल्व्हंट लागलं तर स्फोटासारखं उसळतं आणि बाटलीचं झाकण बंद केलं तर बाटली फुटते. शिकलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय हात लावू नका. प्लाझ्मा क्लीनर किंवा यूव्ही-ओझोन असेल तर पाच-दहा मिनिटांत तेच काम होतं, आणि तेही नसेल तर डिटर्जंट, भरपूर पाणी, इथेनॉल, परत पाणी, बऱ्यापैकी चालतं.

कणांचं पाण्यातलं किंवा इथेनॉलमधलं डिस्पर्शन स्लाइडवर टाकायचं, स्लाइड थोडी कलती ठेवायची आणि हळूहळू सुकू द्यायची. एकच थर हवा. दोन थर झाले तर खालच्या कणांवर सोनं पोचत नाही आणि ते साधेच राहतात, मग शेवटच्या बाटलीत जेनस आणि साधे यांची खिचडी. सुकल्यावर तिरक्या उजेडात रंगांची झळाळी दिसली तर थर चांगला बसलाय असं समजा, पण मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता इतकी असते की थेंब सुकतच नाही, मध्येच थर एका बाजूला गोळा होतो, तेव्हा बंद डब्यात सिलिका जेल ठेवून त्यात सुकवा. सिलेन वापरणार असाल तर आर्द्रता आणखी छळते, कारण सिलेन पाण्याच्या वाफेने एकमेकांतच जुळून गुठळ्या करतं. आपण सिलेनऐवजी थायॉल (सोन्याला धरणारं गंधकाचं रसायन) वापरतोय त्याचं हेही एक कारण.

मग धातू. आधी २-३ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम, त्याशिवाय सोनं सिलिकाला धरत नाही, आणि त्यावर १० ते २० नॅनोमीटर सोनं. इथे मी हट्टाने सांगेन की इव्हॅपोरेटरच वापरा, थर्मल असो की ई-बीम. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) खोलीत असतो तो छोटा स्पटर कोटर हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण त्यात दाब जास्त असतो, अणू सगळ्या दिशांनी येतात आणि टोपीची कड धूसर होऊन खाली घसरते. इव्हॅपोरेटरमध्ये अणू सरळ रेषेत येतात, कड त्या मानाने नीट येते. तरीही टोपी सगळीकडे सारखी जाड नसते हे लक्षात ठेवा, माथ्यावर २० नॅनोमीटर असेल तर कडेला जाता जाता ती शून्याकडे पातळ होत जाते, आणि गच्च बसलेल्या थरात शेजारच्या कणांच्या सावलीमुळे कड नागमोडी होते. या नागमोडीचा हिशोब पुढे येणार आहे, आणि तो जबरदस्त आहे.

सोन्यावर थायॉल चढवायचं. ऑक्टाडेकेनथायॉल किंवा डोडेकेनथायॉल, इथेनॉलमध्ये १ मिलिमोलर, स्लाइड तशीच रात्रभर बुडवून ठेवायची. थायॉल सोन्याला धरतं, सिलिकाला धरत नाही, म्हणून एक बाजू आपोआप वेगळी राहते. वास भयंकर असतो, फ्यूम हूडमध्येच करा, नाहीतर शेजारची लॅब तक्रार घेऊन येईल. नंतर इथेनॉलने पुन्हा पुन्हा धुवा, इथे कंजुषी नको, कारण उरलेलं मोकळं थायॉल पुढे सीमेवर जाऊन बसतं आणि तुम्ही कण नाही, थायॉल मोजत बसता.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. प्रत्येक बॅचबरोबर इव्हॅपोरेटरमध्ये कण नसलेली एक सपाट काच ठेवा आणि तीही थायॉलमध्ये बुडवा, शिवाय एक सोनं न लावलेली काच त्याच सगळ्या धुण्यातून काढा. या दोन काचा म्हणजे तुमच्या कणांच्या दोन बाजू. त्या डेकेनमध्ये बुडवून त्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि अँगल मोजायचा, तोही थेंब वाढवताना आणि आत ओढताना असा दोनदा. हवेत मोजलेला अँगल कामाचा नाही. थायॉल लावलेल्या सोन्यावर हवेत पाण्याचा अँगल १०५-११० च्या आसपास येतो, तेलात तो त्याहून बराच जास्त येतो. थेंब वाढवतानाच्या आणि आत ओढतानाच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर समजा की कणावरही रेषा जागोजागी अडकणार आहे. टोपी फारच तेलकट वाटली तर मिथाइल टोकाच्या थायॉलमध्ये मर्कॅप्टोअनडेकॅनॉलसारखं हायड्रॉक्सिल टोकाचं थायॉल मिसळून अँगल खाली आणता येतो, प्रमाण बदलत जायचं आणि काचेवर मोजत जायचं.

कण स्लाइडवरून सोडवायला इथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉलमध्ये स्लाइड ठेवून बाथ सोनिकेटरमध्ये थोडा वेळ. सुटले की थांबा. जास्त वेळ ठेवलं तर सोन्याचे पापुद्रे निघतात. सेंट्रिफ्यूज करून धुवा, आणि अल्कोहोलमध्येच साठवा. नुसत्या पाण्यात ठेवले तर तेलकट टोप्या एकमेकांना चिकटून दोनाचे, चाराचे, सहाचे झुबके होतात, आणि एकदा झालेले झुबके सीमेवर जाऊन सुटत नाहीत.

एका नेहमीच्या स्लाइडवर, २५ बाय ७५ मिलिमीटर, पूर्ण गच्च थर बसला तरी २ मायक्रॉनचे साधारण ५० कोटी कण मावतात, वजनात ४-५ मिलिग्रॅम. मायक्रोस्कोपीला हे चिक्कार झालं. पण इमल्शन (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) बनवायचं असेल तर ग्रॅममध्ये कण लागतात आणि त्याला ही पद्धत नाही, त्यासाठी ग्रॅनिक यांच्या ग्रुपची २००६ ची मेणाची पद्धत बघा, ज्यात वितळलेल्या पॅराफिनचे थेंब पाण्यात करून सिलिका कण त्यांच्यावर बसवतात, थंड करून मेण गोठवतात, उघड्या बाजूवर रसायन लावतात आणि मेण धुऊन टाकतात. सरफॅक्टंट (साबणासारखं रसायन) कमी-जास्त करून कण मेणात किती रुततो तेही बदलता येतं, म्हणजे टोपी लहान-मोठी करता येते.

सीमा तयार करणे

डेकेन बाटलीतून थेट वापरू नका. त्यात तेल-पाण्याच्या मध्ये जाऊन बसणारी घाण थोडी का होईना असते, अल्युमिनाच्या कॉलममधून दोन-तीनदा गाळून घ्या. पाणी १८.२ मेगाओमवालं, म्हणजे अतिशुद्ध. मग कण न टाकता नुसत्या डेकेन-पाण्याचा ताण पेंडंट ड्रॉपने (लोंबत्या थेंबाच्या आकारावरून) मोजा आणि थोडा वेळ तसाच बघत राहा. ५१-५२ येऊन तिथेच राहिला तर पुढे चला. हळूहळू खाली सरकत असेल तर काहीतरी घाण आहे, कॉलम परत. ग्लोव्हजची पावडर, सिरिंजमधलं सिलिकॉन ग्रीस, सेलच्या कोपऱ्यात राहिलेला साबण, हे नेहमीचे गुन्हेगार. प्लास्टिकच्या सिरिंज इथे वापरूच नका, काचेच्या घ्या.

सेल कसा असावा? सीमा सपाट हवी, नाहीतर कण उतारावरून घसरून मध्यभागी नाहीतर कडेला जमा होतात आणि तुम्हाला वाटतं की ते एकमेकांना ओढताहेत. काचेच्या भांड्यात आत टेफ्लॉनची किंवा धातूची धारदार कडेची रिंग बसवा, पाणी बरोबर त्या कडेपर्यंत भरा, मग रेषा कडेवर धरून राहते आणि एक-दोन थेंब पाणी काढून-घालून सीमा सपाट करता येते. मायक्रोस्कोप इन्व्हर्टेड असेल तर खालचा पाण्याचा थर ऑब्जेक्टिव्हच्या वर्किंग डिस्टन्समध्ये बसेल इतकाच पातळ ठेवा, सेल बनवायला देण्याआधी हा आकडा ऑब्जेक्टिव्हवर वाचून घ्या.

पाणी भरून झालं की वरून डेकेन सोडायचं, काठावरून, हळू.

कण पसरवणे

पाणी आणि आयसोप्रोपेनॉल निम्मं-निम्मं, त्यात वजनाने ०.१ टक्का कण. मायक्रोसिरिंजची सुई तेलातून खाली नेऊन सीमेला जेमतेम टेकवायची आणि ५ मायक्रोलिटर हळूच सोडायचे. आयसोप्रोपेनॉलमुळे तिथला ताण क्षणभर कमी होतो आणि कण सीमेवर सर्रकन पसरतात. ३ सेंटिमीटर व्यासाच्या सेलमध्ये ५ मायक्रोलिटर टाकले आणि सगळे कण सीमेवर राहिले तर २०० बाय २०० मायक्रॉनच्या फ्रेममध्ये तीस-पस्तीस कण दिसायला हवेत. प्रत्यक्षात कमी दिसतील, काही थेट पाण्यात जाऊन तळाला बसतात. फारच कमी दिसले तर फोकस तळाला नेऊन बघा, तिथे गर्दी असेल तर सुई खोल गेली होती.

अल्कोहोल नको म्हणून काही जण कण तेलात घालून वरून पडू देतात. त्यात एक पेच आहे. सोन्याची घनता १९.३, सिलिकाची २ च्या आसपास, म्हणजे टोपीची बाजू जड, आणि मोठे कण पडताना टोपी खाली करून पडतात. म्हणजे तेल आवडणारी बाजूच आधी पाण्याला टेकणार, नेमकी नको ती. २ मायक्रॉनच्या कणात हा कल उष्णतेच्या धक्क्यांपुढे जेमतेम टिकतो, पण १० मायक्रॉनला चांगलाच जाणवतो. एकदा सीमेवर बसल्यावर मात्र वजनाचा विषय संपतो, ताणापुढे ते काहीच नाही.

बघायचं काय

फ्लुओरेसन्समध्ये खालून बघताय, तर सरळ बसलेल्या कणाची सिलिका तुमच्याकडे आणि सोनं वर तेलात, म्हणून पूर्ण उजळ गोल दिसतो. उलटा असेल तर सोनं मध्ये येऊन प्रकाश अडवतं आणि कण मंद दिसतो. तिरका असेल तर चंद्रकोर. ब्राइटफिल्डमध्ये सरळ आणि उलटा यांच्यातला फरक कळत नाही, म्हणूनच डायवाले कण घ्यायला सांगितलं. कोरीची जाडी मोजून कल किती अंश आहे ते काढता येतं, पण ५-१० अंशांच्या आतला कल या पद्धतीने नीट पकडता येत नाही, तेव्हा 'सगळे शंभर टक्के सरळ' असं लिहिण्याआधी जरा दम धरा.

आदर्श गोल कण, नितळ पृष्ठभाग, दोन अँगल ९० च्या दोन्ही बाजूंना, असं असेल तर सरळ बसणं हीच सगळ्यात कमी एनर्जीची स्थिती, आणि उलट्यापासून सरळपर्यंत एनर्जी सारखी उतरतच जाते. मग तिरके आणि उलटे कण दिसतातच का? कारण रेषा पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीला अडकत अडकत सरकते. २०१२ मध्ये हार्वर्डमध्ये मनोहरन यांच्या ग्रुपने साध्या पॉलिस्टायरीन कणांवर हे होलोग्राफीने मोजलं. कण सीमेत शिरतो झटकन, पण नंतर जागेवर यायला वेळाच्या लॉगने सरकतो, आणि तसंच चालू राहिलं तर तोल साधायला महिनेही लागू शकतात. जेनस कणात तर सोन्याची पायरीच मध्ये आहे. म्हणून कण पसरवल्यापासून किती वेळाने फोटो काढला हे प्रत्येक फाइलच्या नावातच लिहा, आणि तोच भाग एका तासाने, दुसऱ्या दिवशी परत बघा. काही तिरके सरळ होतात, काही तसेच राहतात.

आता शेजाऱ्यांची गोष्ट, आणि मला या विषयातली हीच सगळ्यात सुंदर वाटते. रेषा अगदी गोल आणि एकाच पातळीत असेल तर कणाभोवती सीमा सपाटच राहते आणि दोन कणांना केशिका बलाने एकमेकांची जाणीव होत नाही. पण टोपीची कड नागमोडी आहे आणि रेषा कडेवर अडकली आहे, म्हणजे रेषाही नागमोडी. मग कणाभोवती सीमा दोन बाजूंना उचललेली आणि दोन बाजूंना दबलेली राहते, आणि दोन कण आपापले उंच भाग उंच भागांशी जुळवून एकमेकांकडे सरकतात, कारण त्याने सीमेचं क्षेत्रफळ कमी होतं. स्टामू, डुश्ल आणि योहान्समान यांच्या २००० च्या पेपरमधला सोपा फॉर्म्युला लावला, नागमोडीची उंची फक्त १० नॅनोमीटर धरली आणि १ मायक्रॉन त्रिज्येचे दोन कण टेकलेले धरले, तर आकर्षण ३ हजार केटीच्या घरात येतं. टेकलेल्या कणांना तो फॉर्म्युला काटेकोर नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे. १० नॅनोमीटर! तुमच्या सोन्याच्या टोपीच्या जाडीइतकं, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे स्पटर कोटर की इव्हॅपोरेटर हा कंटाळवाणा वाटणारा निर्णय सीमेवर कण एकेकटे राहतील की साखळ्या करतील हे ठरवतो. अंतराच्या चौथ्या घाताने ही आकर्षणाची एनर्जी कमी होते, म्हणून लांबचे कण शांत आणि जवळ आलेले एकदम झडप घातल्यासारखे जुळतात, व्हिडिओत हा क्षण स्पष्ट दिसतो.

याची तुलना साध्या कणांशी करायलाच हवी. चार्ज असलेले साधे पॉलिस्टायरीन कण स्वच्छ डेकेन-पाणी सीमेवर एकमेकांपासून कितीतरी लांब राहतात आणि षटकोनी जाळी करतात, कारण तेलातून जाणारं विद्युत प्रतिकर्षण लांबवर पोचतं. तेव्हा तुमच्या सेलमध्ये आधी साधे कण टाका. ते छान दूर दूर राहिले तर सेल स्वच्छ आहे. तेच जर गोळा झाले तर जेनस कणांच्या साखळ्यांचं श्रेय जेनसपणाला देऊ नका, घाण किंवा वाकडी सीमा आहे. ही कंट्रोल रन टाळली आणि रिव्ह्यूअरने पहिला प्रश्न हाच विचारला, असं दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच.

गोठवून बघणे

अँगल आणि रेषेची जागा नक्की हवी असेल तर पाउनोव यांची २००३ ची जेल ट्रॅपिंग पद्धत करा, फार महाग उपकरणं लागत नाहीत. पाण्यात २ टक्के जेलन गम (थंड झाल्यावर गोठणारा डिंक), साधारण ९५ अंशांना पूर्ण विरघळवायचा आणि ५० च्या आसपास पातळ ठेवायचा. वर तितकंच कोमट तेल, कण नेहमीसारखे पसरवायचे, मग खोलीच्या तापमानाला आणायचं की पाणी गोठतं आणि कण होते तसे धरले जातात. तेल अलगद काढा, वर पीडीएमएस (सिलिकॉन रबर) ओता, ते पक्कं झालं की सोलून घ्या. कण पीडीएमएसमध्ये रुतलेले येतात, तेलातला भाग आत, पाण्यातला भाग बाहेर. राहिलेलं जेल गरम पाण्याने धुवा आणि एसईएम करा. आपल्या कणात सरळ बसलेल्यांची नुसती सिलिका बाहेर दिसायला हवी, सोनं पूर्ण आत. बाहेर सोन्याची पट्टी दिसली तर तो तिरका, पूर्ण सोनं दिसलं तर उलटा. लक्षात ठेवायचं ते इतकंच की हे ५० अंशांना, गम असलेल्या पाण्यात घडलेलं आहे, तेव्हा गमच्या पाण्याचा ताण वेगळा मोजून घ्या आणि साध्या पाण्याच्या आकड्याशी ताडून बघा. २०११ मध्ये ईझा आणि सहकाऱ्यांनी सीमा क्षणात गोठवून, फोडून, तिरप्या कोनातून धातू उडवून कणाच्या सावलीवरून अँगल काढायची पद्धत दिली, ती नॅनो कणांनाही चालते, पण त्यासाठी क्रायो-एसईएम लागतो.

नॅनो कण असतील तर वरचं बघाबघीचं बरंचसं विसरा, तिथे पेंडंट ड्रॉप हाच आधार. २००६ मध्ये ग्लासर आणि सहकाऱ्यांनी १४ नॅनोमीटरच्या आसपासचे, एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला आयर्न ऑक्साइड असलेले कण हेक्सेन-पाणी सीमेवर बघितले, आणि त्याच साइजच्या साध्या कणांपेक्षा ताण जास्त खाली गेला. तुम्ही हे करणार असाल तर एक पथ्य पाळा, कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवून वरचं नुसतं पाणी घ्या आणि त्याचा ताण आधी मोजा. त्या पाण्यानेच ताण पडत असेल तर तो मोकळ्या लिगँडचा (कणांवर लावलेल्या रेणूंपैकी सुटलेल्यांचा) प्रताप आहे, कणांचा नाही.

गोल सोडून डमरू, तबकडी, लंबगोल अशा आकारांचे जेनस कण घेतले तर हिशोब बदलतो. लंबगोलाला आडवं पडून सीमेचा जास्त तुकडा खायचा असतो आणि जेनसपणाला त्याला उभं करायचं असतं, मग मध्येच कुठेतरी तिरका थांबतो, आणि इथे तिरका ही खरोखरची तोलाची स्थिती असते, अडकलेली नाही. पण ते करायच्या आधी गोल कणांचे सरळ, तिरके, उलटे किती याचा एक साधा हिस्टोग्राम काढा, किमान दोनशे कण मोजून, वेगवेगळ्या बॅचचे वेगळे रंग देऊन. बॅचप्रमाणे हिस्टोग्राम हलत असेल तर आधी इव्हॅपोरेटरमधल्या त्या सपाट काचा काढून त्यांचे अँगल परत मोजा.